आक्काच्या पदराखाली

"छातीशी हे असं गाठोडं, वरून पदर घट्ट ओढलेला," ठकूमावशीनं दोन्ही हात छातीशी आवळून दाखवले. "आणि चेकरच्या घराच्या मागच्या दारानं निघाली. पुढचं दार काय मोडलं होतं का?"

"कोण निघाली?"

"तुझी आक्का. अजून कोण?"

मी हातातला चहा तसाच खाली ठेवला. कारखान्याच्या गेटसमोर आम्ही पाच-पन्नास बायका बसलो होतो. ठकूमावशी हळू बोलत होती, पण तिचं हळू म्हणजे दुसऱ्याचं ओरडणं. आजूबाजूच्या साऱ्या माना वळल्या.

"मावशी, नीट बघितलंस का?"

"मी आंधळी आहे का गं? काल दिवस मावळायला शेरडं घेऊन येत होते. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि पिंपळाकडं वळली. चोरासारखी." मावशी मांडीवर थाप मारून म्हणाली, "आपण इथं उन्हात भाजतोय नि बाईसाहेब तिकडं मालकाच्या साड्या गोळा करतायत. माझं काय ते ठरलं. उद्या मी कामावर जाते बाई."

ठकूमावशी कामावर गेली म्हणजे तिची अख्खी आळी जाणार. ती आळी गेली की संप संपला. हे मला कळत होतं, सगळ्यांनाच कळत होतं.

आमचा संप छाटीसाठी होता. बिड्या आम्ही घरी वळायचो आणि संध्याकाळी कारखान्यात नेऊन द्यायचो. तिथं चेकर बसलेला. तो गड्डी उलगडणार, ही बारीक, हिचं तोंड दुमडलं नाही, असं म्हणत मूठभर बिड्या बाजूला टाकणार. ती छाट. छाटीची मजुरी नाही. बरं, खराब आहे तर आमची आम्हाला परत दे, तर तेही नाही. आम्हाला न दिलेली खराब बिडी बाजारात चांगल्या बिडीच्या भावानं विकली जायची. आमचं म्हणणं एवढंच होतं, की छाट आमच्या पदरात परत टाका, मग बघू किती छाट निघते ती.

पंधरवडा उलटला होता. आमच्या गल्लीतल्या बायकांना घराघरांतून उठवून मीच आणलं होतं. कुणाच्या नवऱ्याशी भांडले, कुणाच्या सासूचे पाय धरले. संप मोडला असता तर पहिली मुंडी माझी कापली गेली असती, आणि छाट दुप्पट झाली असती ती वेगळीच.

आणि नेमकं त्याच दिवशी पुढचं काय ते ठरायचं होतं. बाहेरगावच्या बिड्या मालक गाड्या भरून आणत होता, त्या तपासायला चेकर लोक रोज आत जायचे. त्यांनाच गेटवर अडवलं तर कारखाना खराखुरा बंद पडणार होता. संध्याकाळी खंडोबाच्या ओट्यावर सभा होती. त्यात हे आक्का मांडणार होती.

यमुनाक्का म्हणजे आमची पुढारी. लाल झेंडा, जाडंभरडं लुगडं, आणि आवाज असा की तहसीलदाराच्या हातातलं पेन थांबायचं. गावात तिचा फार मान. आता तिच्या नावाचा चौक झालाय. परवा तिथं एक पाहुणे भाषणात म्हणाले, की अशी दयाळू माणसं समजायला अगदी सोपी असतात, त्यांच्यात लपवालपवी नसते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला हसू आलं. अहो, आम्ही तिच्याबरोबर रात्रंदिवस राहिलेल्या बायका, आम्हाला ती कधी कळली नाही. तहसीलदाराला भर कचेरीत घाम फोडणार, आणि निघताना विचारणार, "साहेब, लंगडताय का? एरंडाचं पान शेकून बांधा." आम्ही बाहेर येऊन कपाळाला हात लावायचो. आमच्या बिड्या छाटणाऱ्या रंगनाथ चेकरच्या घराचा उंबरा कुणी चढायचा नाही, त्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही, असा ठराव आम्ही बायकांनी केला, तेव्हा सगळ्यांचे हात वर गेले. आक्का तेवढी गुडघ्याला मिठी मारून गप्प बसली होती. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

"मी विचारून येते," मी उठले.

"काय विचारतेस? हो म्हणणार आहे का ती?"

"नाही म्हणाली तरी मला कळेल. आणि खरं असलं ना मावशी, तर मीच तिला ओट्यावरून खाली ओढते. पण विचारल्याशिवाय नाही."

आक्का घरी भाकऱ्या थापत होती. मी चप्पल न काढताच दारात उभी राहिले.

"काल रंगनाथ चेकरच्या घरी गेला होतात?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "गेले होते."

"मागच्या दारानं निघालात?"

"हो."

"पदराखाली काय होतं?"

पिठाचा हात परातीत तसाच ठेवून ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या नजरेत शरम असती तर मी समजले असते. शरम नव्हती, रागही नव्हता.

"आक्का, बायका म्हणतात साड्या होत्या. मालकानं चेकरच्या हातून दिल्या."

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? मला तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते मी गेटवर जाऊन सांगते."

"साड्या नव्हत्या."

"मग काय होतं?"

"ते सांगायचं नाही, लंके. माझं नाही ते सांगायला."

माझं डोकंच फिरलं. "वा! उद्या संप मोडतोय, ठकूमावशी कामावर निघालीय, आणि तुमचं आपलं सांगायचं नाही! दोन शब्दांत मिटत असेल तर बोलत का नाही? आम्ही काय तुमच्या कुणी लागतच नाही?"

"लागता म्हणून तर खोटं बोलत नाही," ती म्हणाली आणि पुन्हा भाकरी थापायला लागली. "दुसरं काहीतरी सांगून मोकळी झाले असते."

मी ताडताड पाय आपटत निघाले. इतका राग मला नवऱ्याचासुद्धा कधी आला नव्हता. रस्त्यात येऊन क्षणभर थांबले, आणि म्हटलं, ही सांगत नाही तर नको सांगू दे. ज्या घरात गेली ते घर तर जागेवर आहे ना! तशीच रंगनाथ चेकरच्या घराकडं वळले. ठराव मोडत होते, कळत होतं. पण संध्याकाळी ओट्यावर उभं राहायचं तर मला खरं हवं होतं.

रंगनाथ कारखान्यात होता. दारात त्याची आई बसली होती. मला बघून म्हातारी घाबरून उभीच राहिली.

"काय पाहिजे?"

"तुमच्या सुनेला भेटायचंय."

"बाळंतीण आहे ती. सोयर आहे घरात. आत यायचं नाही."

"मला चालतं सोयर," मी म्हटलं आणि आत शिरले.

अंधाऱ्या खोलीत, शेगडीच्या उबेला, चांगुणा बाजेवर बसली होती. रंगनाथची बायको. बारीक चणीची, पांढरीफटक पडलेली. मांडीवर पोर. तिनं मला बघितलं आणि पोराला असं झाकलं, जसं काही मी ते हिसकावून घ्यायलाच आले होते.

"घाबरू नको. तुझ्याशी भांडण नाही माझं," मी म्हटलं. "काल आक्का तुझ्या घरून काय घेऊन गेली, तेवढं सांग."

चांगुणानं दाराकडं बघितलं.

"सांग गं बाई. तुला माहीत आहे का तिच्यावर काय बालंट आलंय? बायका म्हणतात तिनं साड्या घेतल्या. आज भर सभेत तिची अब्रू जाणार आहे. संप मोडेल ते मोडेल, पण ती बाई आयुष्यातून उठेल."

"साड्या?" चांगुणा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तिनं काही नाही नेलं लंकाबाई. माझं पोर नेलं."

मी तिच्या मांडीवरच्या पोराकडं बघितलं.

हे आज मी मोकळेपणानं सांगते, कारण पुढं चांगुणानंच मला मोकळीक दिली. आता तर तीच आल्यागेल्याला सांगत असते. पण त्या दिवशी तिनं मला जवळ बसवलं, अगदी कानाशी तोंड आणलं, आणि म्हणाली, "माझी आधीची दोन गेली. दोन्ही अंगावर पिताना गेली. म्हणून ह्याला मी पाजीना. हातच होईना माझा. ह्याला छातीशी लावलं की हाही जाईल, असंच वाटायचं. दोन दिवस साखरेच्या पाण्यावर ठेवलं. रडायचं ना, ते रडायचंही बंद झालं."

"अगं, डॉक्टर?"

"डॉक्टर आला होता. म्हणाला, पोर चांगलं आहे, पाजा. पण मला पाजवेना! मग सुईण म्हणाली, विकून टाक. तुझं राहिलं नाही म्हणजे सटवाईचं लक्ष जाणार नाही."

विकणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. आमच्याकडं ज्या बाईची पोरं जगत नाहीत, ती नवं पोर दुसऱ्या बाईला मूठभर कोंड्यावर विकते. घेणारी बाई परकी लागते, आणि तिची सगळी लेकरं जगलेली लागतात. ती पोर पदरात घेऊन मागच्या दारानं जाते, काही अंतर चालते, आणि पुढच्या दारानं येऊन म्हणते, हे माझं लेकरू, जरा सांभाळा. मग आईनं परक्याचं म्हणून ते पाजायचं. आमच्या गावात असे दोन कोंडीबा आहेत.

"पण घेणार कोण?" चांगुणा म्हणाली. "तुम्ही तर सगळ्यांनी आमचा उंबरा टाकला होता. सुईण चार घरं फिरली. चेकरच्या घरी येत नाही म्हणाल्या सगळ्या."

मी खाली बघितलं. त्या ठरावाला पहिला हात माझाच वर गेला होता.

"मग सुईण आक्काकडं गेली. तिचीही सगळी लेकरं जगलेली. ती आली. आधी मला खूप बोलली. असं काही नसतं, सटवाई नसते, तू शिकलेली आहेस, पाज त्याला. किती वेळ समजावत होती. मी नुसती मान हलवायची. मग तिनं पोराच्या ओठाला बोट लावून बघितलं. ओठ हलले नाहीत. उठली, आणि सासूबाईंना म्हणाली, कोंडा आणा."

यमुनाक्का! जिनं जत्रेत मांत्रिकाचे गंडेदोरे ओट्यावरून गटारात फेकले होते, आणि आम्ही बायका वर्षभर त्या पापाच्या भीतीनं तिच्या मागं खंडोबाला नारळ फोडत होतो, ती यमुनाक्का पदराखाली पोर घेऊन पिंपळापर्यंत चालत गेली होती.

"मग?" मी विचारलं.

"मग काय! पुढच्या दारानं आली, म्हणाली, बाई, माझं लेकरू आहे, भूक लागलीय त्याला, पाजतेस का? आणि मी पाजलं." चांगुणानं पदर बाजूला केला. पोर चुरूचुरू पीत होतं, एक मूठ तिच्या पोलक्याला घट्ट धरलेली. मग तिनं माझा हात धरला, इतका घट्ट की बांगड्या रुतल्या. "पण सव्वा महिना कुणाला कळता कामा नये. सटवाईला कळलं तर? आक्कानं शब्द दिलाय. लंकाबाई, तूही दे."

"चांगुणा, अगं तिच्यावर आळ आलाय..."

"मी तुझ्या पाया पडते. कळलं ना कुणाला, तर माझ्यानं उद्या ह्याला पाजवणार नाही. मला माहीत आहे माझं."

खोटं बोलत नव्हती ती. मी शब्द दिला आणि बाहेर पडले. येताना वाटलं, देवा, कुठून बुद्धी झाली इथं यायची! आता मला सगळं माहीत होतं आणि सांगता काहीच येत नव्हतं.

संध्याकाळी खंडोबाच्या ओट्यापुढं ही गर्दी. गेटवर रोज न येणाऱ्या बायकाही आल्या होत्या. आक्का उभी राहिली, चेकर लोकांना अडवायचं मांडायला लागली, तोच ठकूमावशी ताट घेऊन पुढं आली. ताटात बेल आणि भंडारा.

"आक्का, थांब जरा. गेट अडवायचं मागनं बघू. तू देव मानत नाहीस, आम्ही मानतो. आमच्यासाठी म्हणून उचल. बेल-भंडारा हातात घे आणि म्हण, चेकरच्या घरातून मी पदरात काही घेतलं नाही. एवढं म्हण, ही ठकू मरेपर्यंत तुझ्या मागं चालेल."

आक्कानं ताटाकडं बघितलं. तिला काय होतं? तिच्या लेखी ती नुसती हळद होती. हात घातला असता, चार शब्द बोलली असती, सुटली असती. मी मनात म्हणत होते, उचल गं आक्का, उचल!

"ठकू, हे मला म्हणता येणार नाही," ती म्हणाली.

"का?"

"कारण घेतलं होतं."

मग जो गोंगाट उठला! कुणी म्हणे, बघा, तोंडानं कबूल झाली. कुणी म्हणे, दाखव काय घेतलं ते. कुणी तर रडायलाच लागली. आक्का तशीच उभी. मध्ये एकदा तिची नजर माझ्यावरून गेली, पण थांबली नाही. मी कुठं जाऊन आले होते ते तिला ठाऊकही नव्हतं.

माझी जीभ नुसती वळवळत होती. एक वाक्य बोलले असते तर ह्याच बायकांनी आक्काला डोक्यावर घेतलं असतं. पण ते पोलकं धरलेली मूठ डोळ्यांपुढून हलेना. मी दात-ओठ आवळले, बायकांना ढकलत पुढं गेले, आणि मावशीच्या ताटात हात घालून मूठभर भंडारा उचलला.

"मी उचलते," मी ओरडले. "आक्कानं आपला संप विकला असेल, मालकाशी आपल्या पाठीमागं एक शब्द जरी बोलली असेल, तर खंडोबा माझ्या दोन पोरांना बघून घेईल. ऐकलं का सगळ्यांनी? माझ्या पोरांना."

पुढच्या दोघी-तिघींनी तोंडाला पदर लावला. पोरांची शपथ आमच्यात कुणी अशी घेत नाही.

"मग पदरात काय होतं?" ठकूमावशीनं विचारलं.

"मला माहीत आहे काय होतं. ज्याचं त्याला परत गेलंय. काय ते मी सांगणार नाही."

"तू पण नाही सांगणार?"

"नाही."

तेव्हा त्या बायकांनी माझ्याकडं जे बघितलं, ते मी जन्मात विसरणार नाही. माझ्याच गल्लीतल्या, माझ्याबरोबर पाणी भरणाऱ्या बायका. कुठून आली ही, असं बघत होत्या. मावशीनं तर मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुलाही मिळालं का गं काही पदरात?"

अंगाचा असा भडका उडाला की वाटलं, पदर झटकून दाखवावा, सगळं बोलून टाकावं, जाऊ दे ती चांगुणा. कसंबसं गिळलं.

"मिळालं असेल तर मी उद्या कामावर जाईन ना मावशी? सकाळी गेटवर ये आणि बघ. मी आत पाऊल टाकलं तर माझ्या तोंडात शेण घाल."

ठकूमावशीनं ताटातला बेल-भंडारा ओच्यात ओतला नि ताट काखेत मारलं.

"येते. शेण घेऊनच येते."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरी हसली. मावशी तिच्यावर खेकसली, "दात काय काढता? तुम्हालाही यायचंय. चेकर अडवायचेत म्हणतेय ना ती? एकट्या लंकीच्यानं अडणारेत का?" आणि खाली बसली. ती बसली तशी तिची आळी बसली. आक्कानं जिथं सोडलं होतं तिथूनच बोलायला सुरुवात केली. सगळ्यांचं मन साफ झालं होतं असं नाही. काही जणी पुढं कितीतरी दिवस माझ्याशी तुटक वागत होत्या. पण हात मात्र सगळ्यांचे वर गेले.

परत जाताना मी आणि आक्का दोघीच होतो. ती शेजारून चालत होती. मला वाटलं, आता विचारेल, तुला कुणी सांगितलं, अजून कुणाकुणाला माहीत आहे. मी मनात उत्तर जुळवत होते.

"तू गेली होतीस तिच्याकडं?"

"गेले होते."

"पितंय का गं?"

"पितंय. हपापल्यासारखं पितंय."

ती रस्त्यातच थांबली. पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं. मग माझा दंड धरून झपाझपा चालायला लागली.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता उद्या लवकर ये. त्याच्या बापाला गेटच्या आत पाऊल टाकू द्यायचं नाही."